शिरोलंब, मध्यगा आणि गणित शिक्षकांचा एक टेलिग्राम समूह

कोल्हापूर जिल्ह्यातील गणित शिक्षकांच्या एका टेलिग्राम समूहाचा मी गेली दोन वर्षे सदस्य आहे. जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवून दाखवणारे सॉफ्टवेअर मला जेवढे येते, ते जवळजवळ सगळे मी तेथेच शिकलो. त्यामुळे हे परीक्षण त्या समूहाचे आहे. ऑस्ट्रियाच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेले हे सॉफ्टवेअर शिक्षकांना मोफत वापरता येते आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. जुलैच्या पावसात गगनबावड्याकडील शाळेत शिकवणाऱ्याला या सोयीची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

समूहाचे मोल मला कळले ते इयत्ता आठवीच्या शिरोलंबांमुळे, म्हणजे त्रिकोणाच्या शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर टाकलेल्या लंबांमुळे. त्रिकोण विशालकोन झाला की लंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब जेथे मिळतात तो बिंदू, त्रिकोणाबाहेर जातो, हे फळ्यावर दाखवताना बाजू वाढवाव्या लागतात आणि तेथेच निम्मा वर्ग हरवतो. म्हणून मी जिओजेब्रात त्रिकोण काढला, प्रत्येक शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर लंब टाकला, लंबपाद, म्हणजे लंब बाजूला मिळतो तो बिंदू, शोधून शिरोलंब जोडले. पण एक शिरोबिंदू माउसने ओढून कोन नव्वद अंशांपलीकडे नेताच तीनपैकी दोन शिरोलंब नाहीसे झाले. रात्री साडेनऊला मी पडद्याचे छायाचित्र समूहावर टाकले. वीस मिनिटांत करवीर तालुक्यातील एका शिक्षिकेचे उत्तर आले: "सर, बाजू रेषाखंड म्हणून घेतल्यात, त्या रेषा करा. लंबपाद बाजूच्या बाहेर पडतोय, मग छेदनबिंदू मिळणार कोठून?" चूक सॉफ्टवेअरमधील म्हणून विचारली होती, निघाली भूमितीतील, आणि खरे सांगायचे तर थोडे ओशाळल्यासारखेही झाले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ती आधी तशीच करून दाखवली.

प्रशिक्षण वर्गात बटणे दाखवतात आणि आपण माना डोलावतो; अडचण येते ती नंतर, स्वतःचा पाठ तयार करताना, आणि तेव्हा विचारायला कोणी नसते. ही उणीव समूह भरून काढतो. टेलिग्रामवर जुने संदेश शोधता येतात, पण एकच शब्द कोणी 'स्लायडर', कोणी 'सरकपट्टी', तर कोणी रोमन लिपीत लिहितो. परिणामी तोच प्रश्न दर जूनला नव्याने विचारला जातो. सुप्रभातचे संदेश आणि शिकवणीच्या जाहिराती यांविषयी न बोललेलेच बरे.

खरी तक्रार तयार फायलींविषयी आहे. मध्यगासंपाताची, म्हणजे शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याशी जोडणाऱ्या तिन्ही मध्यगा जेथे मिळतात त्या बिंदूची, एक देखणी फाईल समूहावर अनेकांनी पुढे पाठवली होती. ती मी न तपासता वर्गात उघडली. त्रिकोण ओढला, मध्यगा हलल्या, परंतु त्यांच्यावरील '६ सेमी' आणि '३ सेमी' हे आकडे जागचे हलेनात, कारण ते मोजलेले नसून हाताने टंकलेले होते. मुलांच्या ते माझ्याआधी लक्षात आले. फाईल मूळ कोणाची, हे समूहात कोणालाच सांगता आले नाही. फाईल टाकणाऱ्याने स्वतःचे नाव आणि इयत्ता लिहावी, एवढा नियम संचालकांनी केला तरी पुरे.

तरीही ज्याला संगणकावर गणित शिकवायचे आहे, त्याने या समूहात जरूर यावे आणि सूचनांचा आवाज आधी बंद करावा. प्रश्न विचारताना केवळ छायाचित्र न टाकता जिओजेब्राची मूळ फाईल जोडावी. उत्तर देणाऱ्याला रचनेची एकेक पायरी उघडून पाहता येते आणि चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली, तेच कळते.