माणूस, घोडा आणि बैल: मांडीच्या हाडांच्या प्रतिकृतींचा संच

तुलनात्मक शरीररचना शिकवताना मी मांडीचे हाड, म्हणजे फीमर, नेहमी आधी घेते. कारण प्राणी उभा कसा राहतो आणि चालतो कसा, हे या हाडावरून फार लवकर उलगडते. त्यासाठी आमच्या विभागाने माणूस, घोडा आणि बैल यांच्या फीमरच्या मूळ आकाराच्या पीव्हीसी प्रतिकृतींचा संच मागवला.

घोड्याचे हाड या संचात सर्वांत सरस आहे. शाफ्टच्या, म्हणजे हाडाच्या मधल्या लांब दांड्याच्या, बाहेरच्या कडेला तिसरा ट्रोकँटर (स्नायू चिकटण्याचा उंचवटा) ठळकपणे उठलेला असून त्याची पुढे वळलेली धार बोटाला स्पष्ट लागते. बैलाला हा उंचवटा नसतो, त्यामुळे दोन्ही हाडे शेजारी ठेवली की ती ओळखताना विद्यार्थ्यांचा गोंधळ होत नाही. खालच्या टोकाला, जिथे गुडघ्याची वाटी सरकते, त्या खोबणीची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा बरीच मोठी आणि फुगीर दाखवली आहे, आणि ते अगदी योग्य आहे. याच कडेवर वाटी अडकवून घोडा स्नायूंना फारसा ताण न देता तासन् तास उभा राहू शकतो, आणि उभ्यानेच डुलकीही घेतो. बैलाच्या हाडावर साच्याच्या जोडाची रेघ राहून गेली आहे. बाकी ते ठीक आहे.

माणसाच्या हाडाबाबत मात्र निराशा झाली. मान, म्हणजे हाडाचे वरचे गोल डोके शाफ्टला जोडणारा भाग, आणि शाफ्ट यांच्यातला सुमारे 125 अंशांचा कोन बरोबर आहे. खालच्या टोकाच्या दोन्ही काँडाइलवर (गोलसर उंचवट्यांवर) हाड उभे धरले की शाफ्ट बाहेरच्या बाजूला कलतो, तेही बरोबर आहे. दोन पायांवर चालताना गुडघे शरीराच्या मध्याजवळ येतात ते या कलामुळेच. परंतु मागची बाजू खाली करून हाड टेबलावर ठेवले असता डोके जितके वर उचललेले दिसायला हवे तितके दिसत नाही, कारण मानेला पुढच्या दिशेने असलेला पीळ साच्यात जवळजवळ नाहीसाच झाला आहे. हा दोष मी किरकोळ मानत नाही. काही लहान मुले पावले आत वळवून का चालतात, हे हा पीळ दाखवल्याशिवाय समजावताच येत नाही. मागची लिनिया ॲस्पेरा ही खडबडीत कड, जिथे मांडीचे इतके स्नायू चिकटतात, ती घासून गुळगुळीत केल्यासारखी झाली आहे. रक्तवाहिनी आत शिरते त्या छिद्राच्या जागी तर केवळ रंगाचा ठिपका आहे. खऱ्या हाडात ते छिद्र गुडघ्यापासून दूर, वरच्या दिशेने तिरपे जाते आणि हाडाची बहुतेक वाढ खालच्या टोकाला होते हे त्यावरून सांगता येते; ठिपक्यावरून काय सांगणार?

पशुवैद्यकाच्या वर्गासाठी घोडा आणि बैल ही जोडी सुटी मिळत असल्यास अवश्य घ्यावी. माणसाचे हाड मात्र दुसरीकडून घ्यावे, आणि पैसे भरण्यापूर्वी ते सपाट टेबलावर ठेवून वरच्या टोकाच्या बाजूने काढलेला फोटो विक्रेत्याकडून मागवावा.