चिमणी साफ करायला आलेला माणूस मोटर घेऊन जातो तेव्हा

दिवाळीचं तळण काढायच्या आधी इंदूरच्या सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग या भागांत स्वयंपाकघरातली चिमणी साफ करून घ्यायची घाई असते. फसवणारे नेमके याच घाईवर टपलेले असतात. त्यांची पद्धत एकदा कळली की ती लांबूनही ओळखता येते, म्हणून सगळं सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात फोनपासून होते. कंपनीचं नाव टाकून इंटरनेटवर कस्टमर केअर शोधलं की सगळ्यात वर दिसणारा नंबर बऱ्याचदा भलत्याच कुणाचा तरी असतो. दोनशे-तीनशे रुपयांत पूर्ण सर्व्हिस, असं सांगतात. काही जण नोंदणीसाठी पाच-दहा रुपये भरायला लिंक पाठवतात किंवा एखादं ॲप टाकायला लावतात. लिंक आली की तिथेच फोन ठेवा. ती चिमणीसाठी नसते, बँक खात्यासाठी असते. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर, फिल्टर काढल्यावर आत दिसणाऱ्या स्टिकरवर आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळतो.

घरी माणूस आला की पुढचा प्रकार साधारण असा. तो बॅफल फिल्टर (तेल अडवणारी स्टीलच्या पट्ट्यांची चौकट) काढतो, ब्लोअरचं म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याचं कव्हर खोलतो आणि टॉर्च मारतो. काळं, डांबरासारखं तेल ओट्यावर ठिबकतं. ते बघून घरातल्या काकू घाबरतात, आणि त्याला तेच हवं असतं. मग कव्हराआड हात घालून तो कपॅसिटरची (मोटर फिरायला सुरुवात करून देणारा छोटा भाग) एक वायर सैल करतो आणि बटण दाबून दाखवतो. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ‘आंटीजी, मोटर की वाइंडिंग गई. ऐसे चलाओगे तो आग लगेगी.’ मोटर वर्कशॉपला न्यायची म्हणून दोन-अडीच हजार ॲडव्हान्स घेतो. त्यानंतर एक तर फोन बंद, नाहीतर कुणाची तरी जुनी मोटर रंग मारून परत येते आणि घरची चांगली तांब्याच्या वाइंडिंगची (आतल्या तारेच्या गुंडाळीची) मोटर कायमची जाते.

गुणगुणणारी मोटर सहसा जळालेली नसते, हे मनात पक्कं ठेवा. आवाज येतो पण पंखा फिरत नाही, तेव्हा दोष बहुतेक वेळा कपॅसिटरचा किंवा चिकटून बसलेल्या ब्लोअरचा असतो. प्लग काढायला सांगा आणि ब्लोअर हाताने फिरवून दाखवायला सांगा. अडखळत फिरला तर आत तेलाचा थर आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. सहज फिरला तर कपॅसिटर बघा. तो दोनेकशे रुपयांच्या आत मिळतो. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडते आणि गार झाल्यावर परत सुरू होते, तेव्हा आतलं थर्मल संरक्षण ती जास्त तापल्यामुळे तिला बंद करत असतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा तेलकट ब्लोअर किंवा धूर बाहेर नेणारा तुंबलेला पाइप असतो. अजिबात आवाज नाही आणि जळका वास येतो, तरच वाइंडिंगची शंका घ्यायची. तीही मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावून समोर दाखवायला सांगायची.

दुसरी फसवणूक पैशापेक्षा जिवाशी जास्त खेळते. सफाईचं ‘स्पेशल केमिकल’ म्हणून बिननावाच्या बाटलीतून डिझेल, रॉकेल किंवा थिनर फवारतात. चिकटा पटकन सुटतो, फिल्टर चकाकतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण ते ब्लोअरच्या कडांत आणि पाइपच्या वळ्यांत मुरलेलं राहतं, आणि खाली गॅसची ज्योत असते. वास आला तर काम थांबवा. कॉस्टिक सोडाही चालू देऊ नका. स्टीलच्या बॅफलला तो सोसतो, पण ॲल्युमिनियमची जाळी त्यात फेसाळून काळी पडते आणि त्या फेसातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ‘अँटी-ग्रीस कोटिंग’ म्हणून वेगळे पैसे मागतात, ते देऊ नका. तेलाची वाफ कुठल्याही लेपावर बसतेच.

बरीचशी सफाई घरीच होते. स्टीलचा बॅफल टबात कडकडीत पाणी, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा (कॉस्टिक नव्हे) आणि भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवा, ब्रशने घासा, पूर्ण वाळवून मगच बसवा. ॲल्युमिनियमच्या जाळीला सोडा नको, फक्त गरम पाणी आणि लिक्विड. रोज फोडणी-तळण असेल तर हे महिन्यातून एक-दोनदा करावं लागतं. ऑटो-क्लीन म्हणजे बटण दाबून आतलं तेल कपात उतरवणाऱ्या चिमणीतही तेलाचा कप रिकामा करावा लागतो आणि ब्लोअर अधूनमधून खोलून पुसावा लागतो. ‘ऑटो-क्लीनचं बोर्ड गेलं’ हे वाक्य त्यामुळेच खपतं, कारण घरच्यांना वाटतं की ती आपोआप साफ व्हायला हवी होती.

पाइपकडे मात्र कुणी बघत नाही, आणि आग पसरते ती तिथूनच. चिमणीच्या सहा इंची तोंडाला चार इंची पीव्हीसी पाइप जोडून ठेवणारे मिस्त्री आहेत. त्याने ओढ कमी होते, मोटर तापते, आणि पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं, पेटतंही. ॲल्युमिनियमच्या लवचीक पाइपच्या वळ्यांत तेल साचतं. तो धुण्यापेक्षा बदललेला बरा. बाहेरच्या तोंडाला जाळी किंवा झडप नसेल तर पक्षी घरटं करतात. ओढ अचानक गेली तर आधी तिथे बघा. शेगडीपासून चिमणी पासष्ट ते पंचाहत्तर सेंटिमीटर वर हवी. कढईतलं तेल पेटलंच तर गॅस बंद, चिमणी बंद (चालू पंखा ज्वाळा आत ओढतो), कढईवर झाकण. पाणी कधीच नाही. त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल चहूकडे उडतं.

असेच फसवणारे लोक ‘गॅस चेकिंग’च्या नावानेही फिरतात, शेगडीचा गॅस पाइप आणि गॅस वाचवणारं यंत्र विकतात. यंत्र घेऊ नका. आयएसआय शिक्क्याचा सुरक्षा पाइप गॅस एजन्सीकडूनच घ्या. त्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी तो बदलायचा असतो. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बघा, काडी लावून नाही.

कारागीर आला की आधी मोटरवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. कुठलाही भाग घराबाहेर जाऊ देऊ नका, बदललेला जुना भाग मागून घ्या. पैसे शेवटी, चिमणी पूर्ण वेगावर लावून फिल्टरखाली वर्तमानपत्राचं पान धरल्यावर. ते चिकटून राहिलं तर ओढ ठीक आहे. बिल नाव-पत्त्यासह लिहून घ्या.

लिंकवरून पैसे गेले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन 1930 वर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम थांबवणं अवघड. पावती असलेल्या दुरुस्तीची तक्रार ग्राहक हेल्पलाइन 1915 वर होते. गॅस गळतीसाठी 1906, आगीसाठी 101.