टी-शर्ट प्रिंटिंगचं दुकान, नाशिकच्या रविवार कारंजाजवळ : माझ्याकडून ५ पैकी ५

मुलाच्या गेमिंग ग्रुपसाठी ८ टी-शर्ट छापायचे होते म्हणून गेले होते. बोळात छोटंसं दुकान आहे, गाडी लावायला अजिबात जागा नाही, शालिमारला लावून चालत जा. कापड १८० जीएसएम (कापडाच्या जाडीचं माप), राउंड नेक, डीटीएफ प्रिंट (आधी फिल्मवर छापून मग कापडावर दाबून चिकटवतात ती), नगाला २८० रुपये, रेट ठीकच.

दुकानाच्या काकांनी पेन ड्राइव्हमधलं डिझाइन उघडलं, हिरवा बेडूक आणि खाली १४८८. "बाळा, हा आकडा कसला?" मुलगा म्हणाला काही नाही काका, मीम आहे, आमच्या गेमिंग ग्रुपच्या सर्व्हरवर सगळेच टाकतात. काकांनी माऊस बाजूला ठेवला, म्हणाले ताई, हे मी छापत नाही. खरं सांगते मला आधी रागच आला.

मग त्यांनी स्टूल पुढे केलं आणि पोराशीच बोलत बसले. १४ म्हणजे अमेरिकेतल्या गोऱ्या वंशवाद्यांची चौदा शब्दांची घोषणा, ८८ म्हणजे इंग्रजीतलं आठवं अक्षर एच दोनदा, म्हणजे हाइल हिटलर, हिटलरचा जयजयकार. बेडूक तर मॅट फ्युरी नावाच्या चित्रकाराने २००५ ला साध्या कॉमिकसाठी काढलेला, या लोकांनी तो इतका वापरला की २०१६ ला त्याची तसली रूपं तिकडच्या द्वेषचिन्हांच्या यादीत गेली. आणि बोटांची ओकेची खूण, ती गोऱ्या वंशवाद्यांची आहे असं २०१७ ला लोकांना चिडवायला म्हणून मुद्दाम पसरवलं, २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये ५१ माणसं मारणाऱ्याने कोर्टात उभं राहून तीच केली. काका म्हणाले, आधी हसायला देतात, अर्थ नंतर सांगतात, आणि अर्थ कळला की पोराला वाटतं आपण आतले झालो, बाकीच्यांना काय कळतंय. हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. ज्यांचा आकडा माझा पोरगा छातीवर घालून गंगापूर रोडला फिरणार होता ते त्याला माणूससुद्धा धरणार नाहीत.

शेजारी लग्नाच्या बॅनरवर स्वस्तिक होतं, मुलाने विचारलंच, मग हे? काका म्हणाले हे आपल्या उंबऱ्यावर पूर्वीपासून आहे रे, हिटलरच्या पक्षाने १९२० ला झेंड्यावर घेतलं, म्हणून तर कुणी काय छापायला आणलंय ते बघावं लागतं. मागे त्यांनी न बघता असलीच एक ऑर्डर छापून दिली होती, तेव्हापासून न कळणारा आकडा आला की आधी शोधतात.

घरी येऊन मुलाने ग्रुपवर लिहिलं तर ज्याने डिझाइन दिलं होतं त्याचं उत्तर, चिल ना, जोक आहे, तू लगेच सिरियस होतोस. मुलगा रात्री जेवताना गप्प होता, दुसऱ्या दिवशी स्वतःच त्या सर्व्हरवरून बाहेर पडला. शाळेतले पाच जण उरले, पाचच टी-शर्ट केले, काकांनी बिबट्या काढून दिला, खाली देवनागरीत नाशिक. डिझाइनचे वेगळे पैसे घेतले नाहीत. चार वेळा धुतले, प्रिंटला भेग नाही. गणपतीच्या आधी मात्र जाऊ नका, मंडळांच्या ऑर्डरी असतात, आठ-आठ दिवस लागतात.