जळगावात मिळालेली प्लास्टिकची नोट

जळगावातील एका जुन्या नाणी-नोटांच्या दुकानातून मी ऑस्ट्रेलियाची १९८८ सालची दहा डॉलरची स्मारक नोट घेतली. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पातळ पटलावर छापलेली ही नोट उजेडात तिरपी केली, की पारदर्शक खिडकीतील इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकचा चेहरा रंग पालटतो, आणि साध्या झेरॉक्सला नेमकी हीच करामत जमत नाही. पटल ओल शोषत नसल्याने नोट ओल्या फडक्याने पुसता येते. केळीच्या चिकाने डागाळलेल्या आपल्याकडच्या कागदी नोटा पाहणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. दुकानदाराने मात्र ती दुमडून ठेवली होती, आणि प्लास्टिकवरची घडी सहजी जात नाही. पूर्ण किंमत घेऊन अशी नोट देणे मला पटले नाही.