जर्मनच्या वर्गात संगणक: वर्षभरानंतर काय ठेवलं, काय बंद केलं

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा जर्मनचा छोटा वर्ग आहे. ए-वन आणि ए-टू, म्हणजे भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी पहिल्या दोन, एवढंच शिकवते. पुढं जायचं असेल त्यांना पुण्याची वाट दाखवते. मागच्या पावसाळ्यात वर्गासाठी सहा सेकंडहँड डेस्कटॉप, माईकवाले हेडफोन आणि एका ॲपचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं. तेव्हापासून इचलकरंजी, सांगली, गडहिंग्लजकडचे क्लासवाले फोन करून एकच विचारतात, ‘मॅडम, पैसे वसूल झाले काय?’ प्रत्येकाला अर्धा तास तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी माझ्याकडं येतं कोण, ते सांगायला हवं. निम्म्या नर्सिंग झालेल्या मुली. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि चौकशी एकदम वाढली. तिथं नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टू, म्हणजे चौथी पायरी लागते, म्हणजे माझ्याकडची पायरी अगदी पहिली. काही नवविवाहित मुली असतात. नवरा तिकडं नोकरीला आहे आणि त्याच्याकडं जायच्या व्हिसासाठी ए-वनचं प्रमाणपत्र हवंय. उरलेले शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले, फौंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये काम करणारे. शिफ्ट संपवून येतात, डोळ्यांवर झोप असते. सगळ्यांचं इंग्रजी बेताचं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

संगणकावर मी पाच गोष्टी वापरल्या: आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी, शब्दांच्या कार्डांचं अंकी, डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा मोफत व्हिडिओ अभ्यासक्रम, ते विकतचं ॲप, आणि एक एआय चॅटबॉट. वर्षभरानंतरचं माझं मत जरा उलटंच झालंय. यातलं जे सॉफ्टवेअर जितकं बिनडोक, तितकं ते वर्गात जास्त कामाला आलं.

ऑडॅसिटीपासून सुरुवात करते, कारण ते फुकट आहे आणि त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही. त्यात भाषा शिकवायचं काही नाही. आवाज रेकॉर्ड होतो आणि पडद्यावर त्याच्या लाटा दिसतात. बस्स. पण जर्मनमध्ये स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावर अर्थ फिरतो. शहर म्हणायचं तर ‘श्टट’ आणि देश म्हणायचं तर ‘श्टाट’, असं देवनागरीत लिहून दिलं की मुलं खूश होतात आणि दोन्ही चुकीचं बोलतात. आपला ‘अ’ हा जर्मनचा ऱ्हस्व ‘आ’ नव्हेच. तो आपल्या वहीत मावत नाही. मी वर्षानुवर्षं ‘आ, पण तोडून’ असं सांगत घसा कोरडा केला. आता काय करते? जर्मन माणसाचा नमुना वरच्या पट्टीवर, मुलीचा आवाज खालच्या पट्टीवर. लाट लांब आली की तिची तिलाच दिसते. ती पुसते, परत बोलते, परत बघते. माझ्याकडं मान वर करून बघत नाही. वर्गात चारचौघांत तोंड उघडायला लाजणाऱ्या मुलीला हे फार सोयीचं पडतं.

ही काही नवी युक्ती नाही. 1950-60 च्या दशकांत भाषा प्रयोगशाळा टेपवर चालायच्या, तेव्हाही हेच होतं: ऐका, म्हणा, स्वतःचं ऐका. तिला त्या काळी अख्खी खोली आणि खास यंत्रणा लागायची. आता जुन्या डेस्कटॉपवर भागतं, एवढाच फरक. मर्यादाही सांगते. लाटेत लांबी दिसते, स्वराचा रंग दिसत नाही. ‘इ’ म्हणायचं आणि ओठ ‘उ’चे करायचे, असा जो जर्मन स्वर आहे, त्याला ऑडॅसिटी काहीच करू शकत नाही. त्यासाठी भिंतीवर एक आरसा लावलाय. पूर्ण खर्चात सगळ्यात वसूल झालेली वस्तू तीच असावी.

अंकी. हे 2006 पासून आहे, संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. विसरायच्या बेतात असताना पुन्हा विचारलं तर जास्त टिकतं, हे तत्त्व धरून अंकी प्रत्येक कार्डाची पुढची तारीख ठरवतं. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं लिंग पाठ करावं लागतं, त्यामुळं कार्डांना पर्याय नाही. मी पुल्लिंगाला निळा, स्त्रीलिंगाला लाल, नपुंसकलिंगाला हिरवा रंग दिलाय आणि प्रत्येक कार्डाला आवाज जोडलाय. मुली केएमटीच्या बसमध्ये उभ्याउभ्या कार्डं करतात. नेट लागत नाही, हा पन्हाळा-राधानगरीकडून येणाऱ्यांना मोठाच आधार.

तरी दोन खड्डे आहेत. एक म्हणजे बटणं. उत्तर आठवलं नाही तर ‘अगेन’ दाबायचं असतं. मुलं मनाची समजूत काढायला ‘हार्ड’ दाबतात, अंकीला वाटतं आठवलं पण त्रास झाला, आणि ते कार्ड लांब ढकलतं. असं महिनाभर चाललं की आकडे छान दिसतात आणि तोंडात शब्द नसतो. हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून समजावते, तरी निम्म्यांचं बोट ‘हार्ड’वरच जातं. दुसरा खड्डा सुट्टीचा. गणपतीत आठवडाभर उघडलं नाही की परत आल्यावर कार्डांचा डोंगर दिसतो आणि पोरं ॲपच काढून टाकतात. रोज नवी 20 कार्डं ही त्याची मूळ सेटिंग. कामावरून येणाऱ्या माणसाला ती झेपत नाही. मी 8 वर आणते. सावकाश जाऊ दे, पण जाऊ दे.

आता विकतचं ॲप. नाव घेत नाही, त्या जातीची सगळी साधारण सारखीच असतात. चमकतं सुंदर. सलग किती दिवस झाले त्याची ज्योत, गुणांची शर्यत, चुकलं की खेळातलं एक ‘आयुष्य’ कमी. पहिले दोन महिने वर्गात जत्रा होती. फौंड्रीतला एक पोरगा शर्यतीत पहिला यायचा म्हणून जेवणाच्या सुट्टीतही खेळायचा. नंतर लक्षात आलं की गुण वाढवायला तो सोपेच धडे पुन्हा पुन्हा करतोय. त्यात त्याचा दोष नाही. शर्यतीत शहाणा माणूस तेच करेल. मूळ अडचण वेगळी आहे. या ॲपांत बहुतेक वेळा उत्तर समोरच असतं: चार पर्यायांतून निवडा, दिलेले शब्द जुळवा. ओळखणं आणि स्वतः काढून बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडद्यावर 90 टक्के मिळवणारी मुलगी ‘तुम्ही कुठं राहता?’ या प्रश्नाला गप्प बसते. ऐकण्याचा सराव मात्र चांगला झाला, हे खरं. न कंटाळता तेच वाक्य कितीही वेळा म्हणून दाखवणं मला जमत नाही.

त्याच ॲपमध्ये उच्चार तपासायची सोय होती. जाहिरातीत तीच पुढं होती आणि मी घेतलंही तीच बघून. ती सगळ्यात निराशाजनक निघाली. आवाज ओळखणारी यंत्रणा बनवलेली असते ती बोलणाऱ्याला काय म्हणायचं असावं याचा अंदाज बांधायला. वाक्य ओळखीचं असलं की ती चुकीचा स्वर पोटात घालते. त्या ओठांच्या जर्मन स्वराच्या जागी मी मुद्दाम अस्सल कोल्हापुरी ‘उ’ लावून वाक्य म्हटलं, हिरवी खूण आली. आणि एक हळू आवाजाची मुलगी अगदी नीट बोलली, तर वरचा पंखा चालू होता म्हणून लाल. शिकवायला नेमकं उलट हवं: चूक आहे ती चूक म्हणणारं, आणि कुठं आहे ते सांगणारं.

आणि आता ते इंग्रजीचं. बहुतेक जर्मन अभ्यासक्रम इंग्रजीतून समजावतात. त्यामुळं इंग्रजी माणसाला जे अवघड, ते अवघड म्हणून आमच्या पोरांपुढं येतं. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून ॲप घाबरवून सोडतं. आपल्याकडं तो, ती, ते जन्मापासून आहेत. 25 म्हणताना जर्मन माणूस आधी पाच म्हणतो आणि मग वीस, यावर एक अख्खा इशाऱ्याचा धडा. अहो, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस म्हणणाऱ्या माणसाला त्यात नवल ते काय? ‘मला आवडतं’ची रचना जर्मनमध्ये जवळजवळ तशीच आहे, आवडणारी वस्तू कर्ता आणि माणसाला ‘ला’. इंग्रजीतून शिकवताना तिचा अपवाद करून ठेवतात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा फरक, गौण वाक्यात शेवटी येणारं क्रियापद, सगळ्याचं हेच. आमचं पोरगं आधी इंग्रजीतून न समजलेली अडचण समजून घेतं आणि मग कळतं की ही अडचण आपली नव्हतीच. उलट आपल्या खऱ्या अडचणी, म्हणजे नामाआधी लागणारं ‘डेर-डी-डास’ हे उपपद जे मराठीत नाहीच, ते इंग्रजीत असल्यामुळं ॲप भरकन उरकून टाकतं. माझा वर्गातला जास्तीत जास्त वेळ हा गुंता सोडवण्यात गेला. डॉइच वेलेचा अभ्यासक्रम इथं थोडा बरा, कारण व्हिडिओतच गोष्ट असते आणि भाषांतराशिवायही कळतं काय चाललंय ते. फौंड्रीवाल्यांना तोच आवडला.

चॅटबॉटकडं मी आशेनं बघितलं, कारण त्याला मराठीत विचारता येतं. येतं खरं. पण त्याची व्याकरणाची मराठी हिंदीतून आल्यासारखी. ‘नाम’ म्हणायच्या जागी ‘संज्ञा’ म्हणतो, आणि दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मुलगी गोंधळते. पत्र तपासायला मात्र उत्तम. चूक दाखवतो, का चूक ते सांगतो, रात्री अकरालाही सांगतो. नियमाचं कारण सांगताना अधूनमधून ठासून खोटं बोलतो आणि नवशिक्याला ते पकडता येत नाही, म्हणून ए-वनच्या मुलांना एकट्यानं वापरू देत नाही. गंमत म्हणजे संवाद साधणारा पहिला गाजलेला प्रोग्रॅम, एलायझा, 1966 चा. तो बनवणारा योसेफ वायझेनबाउम बर्लिनमध्ये जन्मलेला. लोक यंत्राशी मन मोकळं करायला लागलेले बघून तोच अस्वस्थ झाला आणि पुढं आयुष्यभर सावध करत राहिला. आमच्या पोरी चॅटबॉटला ‘थँक्यू दादा’ लिहितात, तेव्हा मला त्याची आठवण येते.

गृहपाठाचं तर विचारू नका. भाषांतराच्या यंत्रानं लिहिलेला गृहपाठ लगेच ओळखू येतो: ए-वनच्या मुलीच्या वहीत बी-टूचं वाक्य. ओरडून उपयोग नाही. मी घरचं लेखन बंद केलं आणि वर्गात हातानं लिहायला लावते. तसंही जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या ए-वन परीक्षेत लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण 30 शब्दांचा निरोप लिहायचा, इतकंच असतं. कागदावर परीक्षा असेल तर टायपिंगची सवय उलट आडवी येते. स्वरावरचे दोन ठिपके कीबोर्ड देतो, हात विसरतो.

तोंडी परीक्षा हा खरा काटा. तिथं दोन-चार उमेदवार एकत्र बसतात, परीक्षक समोर. स्वतःची ओळख करून द्यायची, मग कार्ड उचलून शेजारच्याला प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर द्यायचं, मग काहीतरी मागायचं. 100 पैकी 60 ला पास. समोरचा अनोळखी माणूस अडखळतो, भलतंच उत्तर देतो, आणि त्यावर आपण काहीतरी बोलायचं. हे कुठल्याच सॉफ्टवेअरनं करून घेतलं नाही. संगणकापुढं वाट बघत बसलं तरी चालतं, तो अवघडत नाही. माणूस अवघडतो. म्हणून आता वेळेची वाटणी अशी केलीय: ऐकणं, शब्द, उच्चाराची लांबी संगणकावर, तेही वर्गाच्या आधीच्या अर्ध्या तासात, वर्ग सुरू झाला की सगळे पडदे बंद आणि खुर्च्या समोरासमोर. पूर्वी शब्द घोकून घेण्यात जाणारा माझा वेळ सुटला, तो सगळा बोलण्यात घातला. निकालात फरक पडला तो यामुळं, असं मला वाटतं.

बाकी किरकोळ. लाईट जाते, त्यामुळं इन्व्हर्टर लागतोच. जुन्या मशिनला हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम 8 जीबी पुरतो. नेट गेलं तरी चालेल असं सगळं आधी उतरवून ठेवा. आमच्याकडं पावसाळ्यात केबल कधी तुटेल सांगता येत नाही. कीबोर्ड जर्मन सेटिंगवर टाकला की ‘वाय’ आणि ‘झेड’ची अदलाबदल होते, ते मुलांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी मशीन बिघडलं म्हणून बोंब होते.

विकतच्या ॲपचं सदस्यत्व यंदा वाढवणार नाही. त्या पैशांत आणखी दोन डेस्कटॉप येतात, आणि संध्याकाळच्या बॅचला त्यांचीच गरज आहे. चॅटबॉट फक्त ए-टूला, माझ्या समोर. नवीन वर्ग काढणाऱ्यांनी सहा मशीनवर अडून बसू नये, दोनवरही पाळी लावून भागतं. हेडफोन मात्र स्वस्तातले घेऊ नका, माईक खरखरला की ऑडॅसिटीची लाट काही कामाची नाही. कानावरचे फोम उन्हाळ्यात घामानं फाटतात. ते वेगळे मिळतात, डझनानं आणून ठेवा.