३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च: अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

यूव्ही टॉर्च म्हणजे अतिनील प्रकाश टाकून नोटेवरच्या खुणा आणि एरवी न दिसणारे डाग चमकवणारी टॉर्च. स्वस्तातली घेताना पाकिटावर छापलेली एलईडींची संख्या आणि वॅट यांच्याकडे बघूच नका. दोनच गोष्टी तपासा: तरंगलांबी ३६५ नॅनोमीटर आहे का आणि तोंडाला दिसणारा प्रकाश अडवणारी काळी काच आहे का. जून ते जानेवारी असा आठ महिन्यांचा वापर झाल्यावरचं हे मत आहे. टॉर्च एका एलईडीची, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची, एका १८६५० सेलवर (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, चार्ज होणारा लिथियम सेल) चालणारी. तुलनेसाठी शेजारी ५१ एलईडींची, तीन पेन्सिल सेलवाली, ३९५ नॅनोमीटरची टॉर्च ठेवली होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ही दुसरी दोन-चारशे रुपयांत मिळते. पहिलीला चांगला सेल आणि चार्जर धरून दीड-दोन हजार पडतात.

पैसे कुठे जातात ते पाचशेच्या नोटेवर लगेच कळतं. ३९५ चा प्रकाश डोळ्यांना दिसतो, तोही चांगला भडक जांभळा. तो नोटेवर टाकला की सगळी नोट जांभळी होते आणि जे चमकायला हवं ते त्या रंगात बुडून जातं. ३६५ आणि काळी काच असेल तर नोटेचा कागद काळपटच राहतो, नंबर उजळतो आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू सुटे सुटे दिसतात. नोटेच्या कागदात साध्या कागदासारखी पांढरेपणा आणणारी रसायनं नसतात, म्हणून तो चमकत नाही. शेजारी झेरॉक्सचा कागद ठेवा, तो निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसेल. मात्र खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोटही अशीच निळसर चमकते, कारण साबणाच्या पावडरीतली तीच रसायनं तिला लागलेली असतात. तेवढ्यावरून कुणाची नोट खोटी ठरवू नका. पाण्याची खूण, हाताला लागणारी उठावाची छपाई आणि रंग बदलणारा धागा बघायलाच हवा.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सोपी आहे. टॉर्च पांढऱ्या भिंतीवर नको, बहुतेक रंगांत पांढरेपणा आणणारं काहीतरी असतंच. स्टीलच्या ताटलीवर किंवा चमच्यावर मारा. ठळक जांभळा ठिपका दिसला तर ती ३९५ आहे, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. फिकट, पांढुरका ठिपका दिसला तर एलईडी ३६५ ची असू शकते पण पुढे काळी काच नाही. जवळजवळ काहीच दिसलं नाही आणि लगेच शेजारचा कागद झगझगीत उजळला, तर ती घ्या.

झूमवाल्या टॉर्च टाळाव्यात. त्यांच्या पुढचं भिंग प्लास्टिकचं असेल तर ३६५ चा बराच प्रकाश त्यातच अडकू शकतो.

आता मुंबईच्या हवेचा प्रश्न, ज्याबद्दल विकणारे अवाक्षर काढत नाहीत. ही काळी काच दमट हवेत खराब होते. ऑगस्टच्या शेवटी आमच्या टॉर्चच्या काचेवर तेलाच्या तवंगासारखा धुरकट थर दिसू लागला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने तो निघाला, पण असंच सोडून दिलं असतं तर काचेचा पृष्ठभागच खरवडल्यासारखा झाला असता. तेव्हापासून टॉर्च घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर असते आणि पुढे थर आलेला नाही. पुड्या महिन्याने बदलाव्या लागतात. मागच्या झाकणाचे आटे आणि रबरी रिंग यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेलीने काही जातीचं रबर फुगतं.

दुसरी अडचण सेलची. ३६५ च्या एलईडीला पांढऱ्या एलईडीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, तो ३.७ च्या आसपास आला की साध्या सर्किटची टॉर्च मंदावायला लागते. पांढरी टॉर्च मंदावली तर लगेच दिसते, ही मंदावलेली कळतच नाही, कारण प्रकाश दिसत नसतो. मग डाग नाही असं समजून माणूस पुढे जातो. यावर उपाय म्हणून एक झेरॉक्सचा कागद ठरवून ठेवलाय: काम सुरू करण्याआधी एका हाताच्या अंतरावरून त्यावर मारायची, उजेड कमी वाटला की सेल चार्जिंगला. सेलवर क्षमता ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) लिहिलेली असेल तर तो खोटा. या आकारात खरी क्षमता ३५०० च्या आसपास संपते. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. संरक्षक सर्किट असलेला सेल ६५ मिलिमीटरपेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असतो, नळीत बसतो का ते दुकानातच बघून घ्या.

फक्त उन्हाळ्यातच नव्हे, कधीही ही टॉर्च सलग पाच मिनिटांहून जास्त चालू ठेवू नका. वीज प्रकाशात कमी आणि उष्णतेत जास्त जाते, नळी हाताला चटका देते आणि तापली की प्रकाश घटतो.

घरात सगळ्यात उपयोग उंदरांच्या मागावर झाला. उंदराचं वाळलेलं मूत निळसर पांढरं दिसतं आणि ते बहुधा भिंतीच्या कडेने, पाइपाच्या बाजूने थेंबाथेंबांच्या ओळीत असतं. साबणाचा शिंतोडा किंवा कापसाचा धागाही तसाच चमकतो, म्हणून ओळ बघायची, एकटा ठिपका नाही. पावसाळ्यात लेप्टोची (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची) भीती असते तेव्हा त्या जागा हातमोजे घालून, ब्लीचच्या पाण्याने पुसाव्यात. सुका झाडू मारू नये. टॉर्च डाग दाखवते, जंतू मारत नाही. ‘सॅनिटायझर’ म्हणून विकली जात असेल तर ती थाप आहे, ते काम २८० नॅनोमीटरच्या खालच्या किरणांचं आहे.

भाजी चिरायच्या लाकडी पाटावर मारून बघा. घासून पुसून ठेवलेल्या लाकडातही हळद सुरीच्या प्रत्येक खाचेत पिवळी-हिरवी उजळते, आणि पाट खरंच किती स्वच्छ झाला ते कळतं. ज्यांना यूव्ही रेझिनचे (अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या द्रवाचे) दागिने वाळवायचे आहेत, त्यांनी मात्र ३९५ चीच घ्यावी. बहुतेक यूव्ही रेझिन त्या प्रकाशातही घट्ट होतं आणि निम्म्याहून जास्त पैसे वाचतात.

डोळ्यांची काळजी यात सगळ्यात महत्त्वाची. प्रकाश दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही आणि किरण सरळ आत जातात. टॉर्च लहान मुलांच्या हाती कधीच देऊ नका, आरशावर किंवा चकचकीत स्टीलवर जवळून मारू नका. चाचणीसाठी वर सांगितलेली ताटली तिरकी धरा. ‘यूव्ही ४००’ (४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा) लिहिलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा घ्या आणि तोही पारखून घ्या: टॉर्च आणि झेरॉक्सच्या कागदाच्या मध्ये चष्म्याची काच धरा. काचेच्या सावलीत कागद काळा पडला तर चष्मा चालेल, निळसर उजळतच राहिला तर परत करा.