जुनी रजई धुनवून (आतला कापूस पिंजून) घेतली, ५०० रुपयांत काम झालं (लष्कर, ग्वाल्हेर)

ज्यांच्याकडे दिवाणात जुन्या रुईच्या (कापसाच्या) रजया पडून आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, बाकीच्यांनी गजक खात पुढे सरकावं. दुकान लष्कर भागात, दौलतगंजाकडे जाताना एका गल्लीत, बोर्ड वगैरे काही नाही, दारात रुईचे ढीग आणि आत मशीनची घरघर, त्यामुळे शोधायला त्रास होत नाही. पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते खाली येतंच.

आधी थोडं घरचं. यंदा आमच्याकडे ओढाताण आहे, ह्यांच्या कंपनीने पगार कापलाय, त्यात धाकटीच्या कोचिंगची फी, त्यामुळे मोठा खर्च निघाला की सरळ "नंतर बघू" म्हणायचं असं ठरलंय. दरवर्षी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून मी काही ना काही गरम घेऊन येतेच (१९०५ पासून भरतोय आपला मेळा, इतक्या वर्षांत किती ब्लँकेटं विकली गेली असतील देव जाणे), यंदा नुसतं फिरून भजी खाऊन परत आलो. आणि ब्लोअरचं म्हणाल तर हिशोब करून बघा, दोन हजार वॅटचा ब्लोअर तासभर चालला की २ युनिट, रात्री चार तास लावला तर ८, म्हणजे महिन्याचे २४० युनिट नुसती खोली गरम करण्यात, आणि बंद केला की थोड्या वेळात खोली पुन्हा होती तशी गार. जानेवारीत इथे पारा चार-पाचवर उतरतो, सकाळी कोहऱ्यात समोरचं घर दिसत नाही, तेव्हा काहीतरी करणं भागच होतं.

मग सासूबाईंनी दिवाणातली डबल रजई काढायला लावली. सासरे बिरलानगरला जे.सी. मिलमध्ये (कापड गिरणीत) होते तेव्हाची ती. मिल १९२१ ची, नव्वदच्या दशकात बंद पडली, आणि नंतरचे दिवस कसे काढले ते आई फारसं बोलत नाहीत, पण घरातली वस्तू टाकायची नाही ही त्यांची सवय तेव्हापासूनची पक्की. रजई बघून मला तर काही आशा वाटत नव्हती, रुईचे गठ्ठे होऊन सगळी पायाकडे गोळा झालेली आणि मधे नुसतं कापड, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसत होतं.

दुकानातले काका म्हातारे आहेत, त्यांनी खोळ एका कोपऱ्यात उसवली, चिमूटभर रुई काढली आणि काडी ओढून पेटवलीच, मी घाबरून मागे सरकले. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटावर मऊ राख राहिली. "भाभीजी, असली कपास है, फेंकना मत," म्हणाले. मग बाजूच्या कुणाच्या तरी रेडीमेड रजईतला पुंजका जाळून दाखवला, तो वितळला आणि त्याची कडक काळी गोळी झाली, म्हणजे आत पॉलिस्टर. दुकानात घ्यायला गेल्यावर हे कोण करू देणार आपल्याला, पण घरी आणलेल्या वस्तूवर करून बघायला हरकत नाही, फक्त पदर सांभाळा.

गरम काय रुई करत नाही, रुईत अडकलेली हवा करते, हे शाळेत शिकलो होतो पण तिथे उभं राहून बघितलं तेव्हा डोक्यात उतरलं. दबलेला गठ्ठा मशीनमध्ये जातो, दातेरी रोलरवर तंतू न् तंतू सुटा होतो आणि दुसऱ्या बाजूने जे बाहेर पडतं ते आकाराने सहज तिप्पट. धूळ इतकी निघाली की विचारू नका. पूर्वी हेच धुनकीवर व्हायचं, दोरीवर मोगरी मारत पिंजारी दारोदार यायचे, तो टणंग टणंग आवाज चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल.

पण दर वेळी पिंजताना थोडे तंतू तुटतातच, म्हणून काकांनी अर्धा किलो नवी रुई मिसळायला सांगितली. मला वाटलं आता बिल वाढवतायत, पण जुनी रुई हातात घेऊन ओढून दाखवली, पटकन तुटली, नवी जरा ताणली जाते. पटलं. हिशोब असा: साडेचार किलोची धुनाई किलोमागे ४० ने १८०, नवी रुई १२०, भराई आणि टाके २००. खोळ घरची. मोजून ५००.

टाके काकू घालतात, दुकानाच्या मागे जमिनीवर रजई पसरून, दाभणासारख्या लांब सुईने, आणि दोन ओळींत हाताच्या वितीहून कमी अंतर. हे बघूनच घ्या. टाके लांब लांब असले की रुई पुन्हा सरकते आणि दोन हिवाळ्यांत मधे परत भोक. काकूंचे टाके एका रेषेत नाहीत, एक ओळ तर चक्क वाकडी गेलीये, पण दोरा दुहेरी आहे आणि ओढून बघितला, हलत नाही.

आता कापलेला एक स्टार. उद्या संध्याकाळी देतो म्हणाले आणि दिली नाही, फोन उचलत नाहीत, शेवटी ह्यांना ऑफिसमधून येताना दोनदा हेलपाटा पडला आणि त्या थंडीच्या रात्री आम्ही चौघं आहेत त्या पांघरुणांत कशीबशी झोपलो. पावती मिळत नाही, रजईवर खडूने नाव लिहितात, ते पुसलं तर काय हा प्रश्न मी विचारला तर काका नुसते हसले. आणि चकचकीत साटणाची खोळ घ्या म्हणून मागे लागतात, घेऊ नका, रात्रभर रजई पलंगाखाली घसरते.

पण रजई घरी आली त्या रात्रीचं सांगते. आधी दिवसभर गच्चीवर उन्हात टाकली होती, रात्री आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं गार आणि मग पायाच्या बोटांपासून ऊब चढायला लागते ना, ती. धाकटी मोबाईल ठेवून नऊलाच झोपली, हे आमच्याकडे घडत नाही. आई म्हणाल्या, "काय हवं अजून माणसाला," आणि मी महिनाभर पगार, फी, सिलेंडर हेच मोजत बसले होते, त्या रात्री म्हटलं खरंच की, छप्पर आहे, वरणभात आहे, कोरडी गरम रजई आहे, देवाची कृपाच. सकाळी ब्लँकेट विकत फिरणाऱ्या गाडीवाल्याला बघून जरा ऐटच वाटली, खोटं कशाला बोलू.

जाणार असाल तर रुई वजन करून द्या आणि आकडा स्वतःच्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, शक्य असेल तर धुनाई होईपर्यंत तिथेच थांबा म्हणजे आपलीच रुई परत मिळते, नाकाला रुमाल मात्र बांधा, दम्याचा त्रास असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवा. रजई भिजवून धुवायची नाही, खोळ काढून धुवायची, बाकी ऊन पुरतं. डिसेंबर-जानेवारीत गर्दी असते म्हणून उशीर होतो, आमची सिंगल रजई मी आता होळीनंतर देणार आहे, तेव्हा भाव थोडा उतरतो असं काका म्हणाले, बघू किती उतरवतात ते.